विचारा, सांगतो : शेफ संघटनेच्या पुरस्कार सोहळ्याचं जेवण

ठाण्यातल्या आणि खाडीपलीकडच्या शेफ-आचाऱ्यांच्या संघटना वर्षातून एकदा आपल्याच माणसांना जेवायला बोलावतात आणि त्यांतल्या काहींचा सत्कार करतात. रोज दुसऱ्यांच्या समारंभांना जेवण पुरवणारी ही माणसं त्या दिवशी पाहुणी असतात. ताटात काय कमी-जास्त आहे हे त्यांना पहिल्या घासाला कळतं, म्हणून हे जेवण कुठल्याही लग्नापेक्षा अवघड. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा सोहळा घोडबंदर रोडवरच्या एका बँक्वेट हॉलमध्ये आहे. २२० पानं आणि १८ पुरस्कार. गेल्या वर्षी भाषणं लांबली आणि मेन कोर्स साडेदहाला, तोही कोमट, टेबलावर आला. या वेळी प्लेटेड (किचनमध्येच प्लेटा मांडून टेबलावर आणलेलं) जेवण द्यावं की बुफे?
– सचिव, शेफ संघटना, ठाणे

आधी घड्याळ मांडा. प्लेटेड की बुफे हे त्यानंतर ठरेल. एक पुरस्कार म्हणजे नाव पुकारणं, टेबलांमधून वाट काढत मंचावर येणं, ट्रॉफी, फोटो आणि खाली उतरणं. कोणी बोललं नाही तरी याला दीड मिनिट जातं, म्हणजे १८ पुरस्कारांना २७ मिनिटं. प्रत्येकाला ‘दोनच शब्द’ म्हणून दोन मिनिटं दिलीत की तोच आकडा ६३ मिनिटांवर जातो. त्यात दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं मनोगत आणि प्रायोजकांचे आभार धरा. हे सगळं जेवणाआधी एका दमात उरकायचं ठरवलंत तर मेन कोर्स साडेदहालाच येणार. त्यात किचनचा दोष नाही.

पुरस्कारांचे तीन टप्पे करा. सात वाजता पाहुणे, हातात पेय आणि फिरते दोनच स्टार्टर. पावणेआठला दीपप्रज्वलन आणि लगेच पहिले सात पुरस्कार : कॉमी (नवशिके आचारी), ट्रेनी, स्टुअर्डिंग (भांडी-सफाई). सव्वाआठला पहिला कोर्स. आठ-चाळीसला पुढचे सात पुरस्कार, नऊला मेन कोर्स. पावणेदहाला गोड, आणि गोड संपत आल्यावर मानाचे शेवटचे चार. बोलायची संधी फक्त या चौघांना द्या. तोवर पोटं भरलेली असतात, लोक मनापासून ऐकतात. मेन कोर्स चालू असताना माइक बंद म्हणजे बंद, आमदारसाहेब आले तरी. त्यांचं स्वागत गोडाच्या वेळी करता येतं.

‘फायर’, म्हणजे ‘आता प्लेटा लावा’ हा इशारा, किचनला द्यायचा अधिकार एकाच माणसाला असावा. तो मंचाच्या बाजूला पुरस्कारांची यादी हातात घेऊन उभा राहील आणि पासवरच्या, म्हणजे तयार प्लेटा जिथून बाहेर जातात त्या ओट्यावरच्या, शेफशी फोनवर बोलेल. सूत्रसंचालक, अध्यक्ष आणि हॉलचा मॅनेजर असे तिघं वेगवेगळे निरोप पाठवायला लागले की प्लेटा लागून पडून राहतात. दुसऱ्या टप्प्यातले शेवटचे दोन पुरस्कार उरले की पासवर पहिली प्लेट लावायला घ्या. टाळ्या थांबेपर्यंत पहिल्या चार टेबलांचं जेवण तयार असतं.

आता प्लेटिंगचं गणित. दोन समांतर लाइन, प्रत्येक लाइनवर सात जण : एक गरम प्लेट ठेवणारा, मग खालचा थर, मुख्य पदार्थ, भाजी, रस्सा किंवा सॉस, कडा पुसणारा आणि शेवटी नजर टाकणारा. प्रत्येकानं एकच काम करायचं. लाइन जमली की दर आठ सेकंदांना एक प्लेट सुटते, म्हणजे ११० प्लेटांना १५ मिनिटांच्या आत. एकच लाइन लावलीत तर याला अर्धा तास लागतो. तेवढ्यात पहिल्या टेबलाचं जेवून होतं आणि शेवटचं टेबल चमच्यांशी खेळत बसतं. प्लेटा हॉट कपबोर्डमध्ये (प्लेटा तापवायच्या कपाटात) ६० ते ६५ अंशांवर हव्यात. एसी हॉलमधली गार चिनी मातीची प्लेट रश्श्यातली ऊब लगेच ओढून घेते, मग पाहुण्याला वाटतं की जेवणच गार होतं. लाइन अडते ती बहुधा रश्श्यापाशी. पळीनं वाढलं की थेंब कडेवर पडतात, पुसणारा मागे पडतो आणि सगळे थांबतात. तिथे पळीऐवजी चोच असलेला जग द्या.

वाढप्यांचं गणितही आधी करा. दहा जणांची २२ टेबलं. चार वाढप्यांची एक तुकडी एका फेरीत अख्खं टेबल वाढते, त्यामुळे एकाच टेबलावर अर्धे जेवताहेत आणि अर्धे बघताहेत असं होत नाही. अशा चार तुकड्या, म्हणजे १६ माणसं लागतात. हॉल तेवढी देत नसेल तर हट्ट धरू नका. पहिला कोर्स प्लेटेड द्या आणि मेन कोर्स टेबलावर भांड्यांतून, पंगतीसारखा वाढा. बुफेच्या रांगेत उभे असलेले पाहुणे मंचाकडे पाठ करून असतात, म्हणून पुरस्काराच्या रात्री बुफे आमच्या मते शेवटचा पर्याय. तोच करायचा झाला तर दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असे दोन काउंटर लावा.

मेन कोर्सचा पदार्थ २० मिनिटं थांबू शकेल असा निवडा. सुकं मटण, वालाचं बिरडं, भरली वांगी थांबतात. तळलेली सुरमई थांबत नाही. बंद हॉट बॉक्समध्ये (ऊब राखणाऱ्या पेटीत) वाफ कोंडून रव्याचं आवरण दहा मिनिटांत ओलं पडतं. सुरमई द्यायचीच असेल तर सुरुवातीच्या फिरत्या स्टार्टरमध्ये छोटे तुकडे थेट कढईतून द्या. आणि शाकाहारी किती, हे आमंत्रणाच्या वेळीच विचारून टेबलावर रंगीत कार्ड ठेवा. तरी दहा टक्के शाकाहारी प्लेटा जास्तीच्या धरा. ‘आज संकष्टी आहे, विसरलोच’ म्हणणारे प्रत्येक टेबलावर निघतात.

प्रश्न : आमचं बेस किचन तुर्भे एमआयडीसीत आहे. सोहळा ठाण्यात. रस्से आणि ग्रेव्ह्या आदल्या रात्री करून ठेवायचा विचार आहे. काही धोका?
– एक केटरर, कोपरखैरणे

धोका रात्री शिजवण्यात नाही, रात्री गार करण्यात आहे. ४० लिटरचं पातेलं झाकण ठेवून ओट्यावर सोडलं तर पहाटेसुद्धा मधला भाग कोमट असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि अशा कोमट, हवा नसलेल्या दाट रश्श्यात झपाट्यानं वाढतात. मटण-चिकनचे मोठे रस्से ही त्यांची आवडती जागा. शिजलेल्या भातात हेच काम बॅसिलस सेरियस करतो, आणि त्यानं एकदा तयार केलेलं उलटीचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. म्हणून भात आदल्या दिवशी करूच नका.

रस्सा शिजल्यावर तो पसरट ट्रेमध्ये दोन इंचांपेक्षा कमी उंचीचा ओता. ब्लास्ट चिलर (झटपट गार करणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर ट्रेखाली बर्फाचं पाणी ठेवा आणि दर दहा मिनिटांनी ढवळा. ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत, आणि तिथून ५ अंशांच्या खाली पुढच्या चार तासांत. थर्मामीटर रश्श्याच्या मध्यभागी घाला, कडेला नको. ट्रे एकमेकांवर रचून फ्रिजमध्ये घातले तर मधले ट्रे गार होत नाहीत, आणि वर त्यांच्या वाफेनं फ्रिजमधलं बाकीचं दूध-दही तापतं. नारळाच्या वाटणाचे रस्से आदल्या रात्री न केलेलेच बरे. रात्री कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटण करून ते गार ठेवा आणि रस्सा त्याच दिवशी जोडा. वेळ तेवढाच वाचतो, धोका मात्र उरत नाही.

दुसऱ्या दिवशी गाभा ७५ अंशांपर्यंत तापू द्या. कडेला बुडबुडे दिसले म्हणून आच बंद करू नका, दाट ग्रेव्हीचा मध्य तेव्हा बराच मागे असतो. हॉट बॉक्स अन्न तापवत नाही, आहे ती ऊब राखतो. तो आधी उकळत्या पाण्यानं वीस मिनिटं तापवून घ्या, पाणी ओतून द्या आणि ८५ अंशांच्या पुढचा पदार्थ काठोकाठ भरा. अर्धा भरलेला बॉक्स झपाट्यानं उतरतो. बेन-मारी (गरम पाण्यात ठेवलेली भांडी) आणि चेफिंग डिश (बुफेवरची खालून तापणारी भांडी) यांचंही तेच : गरम अन्न ६० अंशांच्या वर राखायचं, ५ ते ६० या पट्ट्यात रेंगाळू द्यायचं नाही.

रस्त्याचा विचार वेगळा करा. ठाणे-बेलापूर रोडनं ऐरोली, तिथून मुलुंड पूल, मग तीन हात नाका, माजिवडा आणि कापूरबावडी. संध्याकाळी यातला शेवटचा टप्पाच सगळ्यात जास्त वेळ खातो. विटाव्याकडून जायचं ठरवलंत तर पावसात रेल्वे पुलाखाली पाणी साचतं हे लक्षात असू द्या. टेम्पो साडेतीनला निघायला हवा. घाई नको म्हणून गार पदार्थ गारच न्या आणि हॉलच्या किचनमध्ये तापवा. त्यासाठी तिथे किती बर्नर मोकळे मिळणार, १९ किलोचे सिलिंडर कुठे ठेवायचे आणि तळघरात गॅसला मनाई आहे का, हे हॉलकडून लेखी घ्या.

प्रश्न : मेन्यूत तांदळाची भाकरी आणि सोलकढी ठेवली आहे. २२० जणांना गरम भाकरी शक्य आहे का?
– एक वाचक, ऐरोली

शक्य आहे, आणि ठेवाच. आगरी-कोळी जेवणाच्या या पट्ट्यात शेफ मंडळींपुढे तंदुरी रोटी ठेवणं आम्हाला पटत नाही.

माणशी एक आणि थोडी जास्तीची असं धरून २५० भाकऱ्या. एका भाकरीला ४५ ग्रॅम पीठ, म्हणजे सव्वाअकरा किलो. १२ किलो घ्या. हात बसलेली बाई एका तव्यावर तासाला ३० ते ३५ भाकऱ्या करते, त्यामुळे चार तवे आणि चार करणाऱ्या लावल्या तर दोन तास लागतात. मेन कोर्स नऊला असेल तर सातला तवे तापवा. पहिल्या भाकऱ्या जाळीवर मिनिटभर वाफ सोडू द्या आणि मग सुती फडक्यात, झाकणाच्या टोपलीत ठेवा. थेट डब्यात रचल्या तर खालच्या चिकटतात.

उकड काढताना वाटीभर पिठाला वाटीभर पाणी. पाण्याला खळखळून उकळी हवी, त्यात मीठ आणि चमचाभर तेल. पीठ एकदम टाका, आच बंद करा, ढवळा आणि दहा मिनिटं झाका. पाणी नुसतं कढत असताना पीठ टाकलं तर ते नीट उकडत नाही आणि थापताना कडा चिरतात. मग बायका ‘पीठ जुनं आहे’ म्हणतात. जुन्या पिठानंही चिरा पडतात हे खरंच, म्हणून दळण दोन दिवसांपेक्षा जुनं नको. उकड हाताला सोसेल इतकी गरम असतानाच मळा. बारा किलोची उकड एकदम काढू नका, दोन-दोन किलोची काढत राहा, गार झालेली उकड पुन्हा मऊ होत नाही. भाकरी तव्यावर पडली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. ते पाणी सुकायच्या आत उलटली नाही तर तिथे पांढरा कोरडा पापुद्रा राहतो आणि ती फुगत नाही.

सोलकढीला माणशी १५० मिली धरले तर ३३ लिटर. एका नारळाच्या पहिल्या-दुसऱ्या दुधात मिळून साधारण ६०० मिली कढी होते, म्हणून ५५ नारळ. खवलेला नारळ एपीएमसीतून (वाशीच्या घाऊक बाजारातून) आणलात तर तो गाडीत बर्फावर हवा, आंबलेल्या खोबऱ्याचा वास सोलकढीत लपत नाही. आमसुलाचं पाणी आणि नारळाचं दूध वेगवेगळं, दोन्ही गार ठेवा आणि वाढायच्या तासभर आधी एकत्र करा. आधी केलीत तर आंबटपणानं दूध फाटल्यासारखं होऊन वर थर येतो. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरणार असाल तर मीठ शेवटी, चव घेऊन टाका. आगळात मीठ आधीच असतं आणि सोलकढी खारट होण्याचं हेच नेहमीचं कारण. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनिअमला आंबट लागलं की चव बिघडते.

प्रश्न : सोहळा कोणत्या तारखेला ठेवावा? काही सभासद २० ऑक्टोबरच हवी म्हणतात.
– कार्यकारिणी सदस्य, वाशी

२० ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय शेफ दिन. जागतिक शेफ महासंघाच्या पुढाकारानं तो २००४ पासून पाळला जातो. महासंघाची स्थापनाही ऑक्टोबरातच, १९२८ साली पॅरिसमध्ये झाली. तारीख मानाची आहे, पण आपल्याकडे ती दसरा-दिवाळीच्या तोंडावर येते. २०२५ साली तर त्याच दिवशी नरकचतुर्दशी होती. त्या दिवशी कामाच्या जागीच केक कापा आणि सोहळा वेगळा ठेवा.

आमची पसंती पौषातल्या, जानेवारीच्या मधल्या मंगळवारला. लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे हॉल मिळतात आणि भावात घासाघीस करता येते. थर्टी फर्स्टची धांदल संपलेली असते, मार्गशीर्षातले गुरुवार सरलेले असतात आणि बाजारात ओले वाल, मटार, हरभरा असतो. मंगळवार अंगारकीचा नाही ना, तेवढं पंचांगात पाहा. सोमवारी हॉटेलवाल्यांना उसंत असते खरी, पण निम्मे लोक मांसाहार करत नाहीत. पितृपक्षात हॉल रिकामे असतात, मात्र सत्कार घ्यायला लोक नाखूश असतात. जून-जुलैत मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण. त्या काळात बर्फातल्या माशावर शेफ लोकांना जेवायला बोलावू नये.

प्रश्न : दर वर्षी निकालावरून कुरबुर होते. ‘ओळखीच्यांनाच देतात’ असं म्हणतात. परीक्षण कसं करावं?
– एक सू शेफ, नेरूळ

कुरबुर बंद करायची तर परीक्षण सोहळ्याच्या आठवडाभर आधी, नियम छापून करा. पाच परीक्षक. ज्याच्या किचनमधला स्पर्धक आहे, त्या परीक्षकानं त्या फेरीपुरतं खोलीबाहेर थांबायचं. प्लेटा सगळ्यांना सारख्या, त्यावर फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी स्पर्धेत किंवा परीक्षणात नसलेल्या तिसऱ्या माणसाकडे बंद पाकिटात. पाच परीक्षकांच्या गुणांपैकी सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून उरलेल्या तिघांची सरासरी धरा, म्हणजे एकाच्या लोभानं किंवा रागानं निकाल हलत नाही.

शंभरपैकी निम्मे गुण चवीला ठेवा, आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही चवीचं वजन सर्वांत जास्त असतं. उरलेल्या ५० मध्ये कामाची पद्धत २०, स्वच्छता आणि वाया गेलेला माल १५, मांडणी १०, वेळ पाळणं ५ अशी विभागणी आम्ही सुचवू. स्वच्छता आणि पद्धत प्लेट बघून कळत नाही. त्यासाठी किचनमध्ये फिरणारे दोन परीक्षक वेगळे नेमा आणि चव घेणाऱ्यांना किचनमध्ये पाऊल टाकू देऊ नका. बरोबरी झाली तर चवीचे गुण पाहायचे, हे आधीच लिहून ठेवा.

एका बैठकीत बारापेक्षा जास्त नमुने नकोत, त्यापुढे जीभ थकते. सौम्य पदार्थ आधी, झणझणीत शेवटी. मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाचा भात. स्पर्धकांना दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सोडा, कारण रांगेत थांबून गार झालेल्या प्लेटेवर अन्याय होतो. भांडणं मुख्यतः यातूनच निघतात, पक्षपातातून तेवढी नाहीत.

आणखी एक आग्रह. पुरस्कारांच्या यादीत भांडी घासणाऱ्या, चिराचिरी करणाऱ्या माणसासाठी एक पुरस्कार असलाच पाहिजे, आणि तो पहिल्या टप्प्यात, हॉल भरलेला असताना द्या. ज्या रात्री स्टुअर्डिंगची दोन माणसं आली नाहीत त्या रात्री २२० प्लेटांच्या सर्व्हिसचं काय होतं, हे टोपी घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तसंच लग्नाच्या मांडवात चुलीवर हजार पानं उतरवणाऱ्या आचाऱ्याला ‘शेफ’ नाही म्हणून दारातच थांबवू नका. सन्मानपत्रावरचं नाव ज्याचं त्याच्याकडून देवनागरीत लिहून घ्या. ट्रॉफीवरचं चुकलेलं नाव घरातल्या कपाटात कायमचं चुकलेलं राहतं.

प्रश्न : शेफ कोट घालून यावं की साधे कपडे?
– एक कॉमी, कळवा

आमंत्रणात स्पष्ट लिहिलेलं असावं. पुरस्कार घेणाऱ्यांनी कोट, धुतलेला आणि इस्त्रीचा, स्वतःच्या नावाचा. हॉटेलचं बोधचिन्ह असेल तर मालकांची परवानगी घ्या. बाकीच्यांनी साधे कपडे, म्हणजे वाढणारे कोण आणि पाहुणे कोण याचा गोंधळ होत नाही.

प्रश्न : उरलेलं अन्न संस्थेला द्यायचं आहे. कोणतं देता येतं?
– एक वाचक, कोपरी

जे किचनमधून बाहेर गेलंच नाही आणि ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली राहिलं, तेवढंच. टेबलावर किंवा काउंटरवर उघडं राहिलेलं, चमचे लागलेलं अन्न देऊ नका, कितीही चांगलं दिसलं तरी. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी केंद्राचे २०१९ चे नियम आहेत आणि त्यांचा रोखही सुरक्षितता आणि लेबलवर आहे. डब्यावर पदार्थाचं नाव, शाकाहारी की मांसाहारी, शिजवल्याची वेळ आणि कधीपर्यंत खावं हे लिहा. संस्थेशी आठवडाभर आधी बोला. रात्री अकराला फोन केलात तर गाडी मिळत नाही आणि भात पहाटेपर्यंत पडून राहतो. सोलकढी, मासे आणि दुधाचे पदार्थ देऊ नयेत. भात आणि डाळ-उसळ द्यायची तर गरमागरम, त्याच रात्री खाल्ली जाईल अशा ठिकाणी. मोठ्या पातेल्यापेक्षा छोट्या डब्यांत भरा आणि डबे परत कोण आणणार हे गाडी निघण्याआधी ठरवा.